प्रश्नचिन्हापेक्षा चौकोन बरा

‘शिरूर कासार’ या नावात अक्षरं किती?

मराठी शाळेत शिकलेलं कुणीही बोटांवर मोजून सांगेल: शि, रू, र, का, सा, र. म्हणजे ६. हाच प्रश्न कॉम्प्युटरला विचारला तर तो एकदा म्हणतो ११, एकदा म्हणतो ३१ आणि एकदा म्हणतो १०. युनिकोडच्या हिशेबात श वेगळा, त्याची वेलांटी वेगळी आणि मधली मोकळी जागाही वेगळी, म्हणून ११. साठवणुकीच्या हिशेबात यातल्या प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट आणि मोकळ्या जागेला १, म्हणून ३१. आणि टर्मिनल नावाच्या त्या काळ्या पडद्याच्या हिशेबात १० खण, कारण ‘रू’चा ऊकार तो मोजतच नाही. ऊकार अक्षराच्या खाली लटकतो, बाजूची जागा खात नाही, म्हणून त्याची रुंदी शून्य.

चौघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. प्रत्येकाने मोजायला वेगळी गोष्ट घेतलीय, एवढंच. भानगड होते ती यातला एखादा मोजणारा म्हणू लागला की, ‘माझ्या मापात जे आलं नाही ते नव्हतंच.’ मला बोलायचंय ते या वाक्याबद्दल. एखादी गोष्ट मला दिसत नाही, तर ती नाही असं म्हणायचा अधिकार मला नेमका कधी मिळतो?

एक यादी, तीन आजार

मी शिरूर कासारला राहते, बीड जिल्ह्यात. (घोडनदीचं शिरूर वेगळं, ते पुणे जिल्ह्यात. हे फोनवर दर वेळी सांगायची आम्हाला सवय आहे.) याद्या नीट करून देणं हे माझं काम. नाव, गाव, वय, शाळा. हे बरंचसं काम टर्मिनलमध्ये चालतं. सिनेमातले हॅकर ज्यावर धडाधड टाइप करतात तोच हा पडदा. माउस नाही, चित्रं नाहीत, फक्त अक्षरं.

एका हंगामाच्या तोंडावर मुलांची एक यादी माझ्याकडे आली. आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. परत येतात ती मार्च-एप्रिलकडे. पोरांना मागे ठेवायचं तर गावात आजी पाहिजे, नाहीतर हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव पाहिजे. दोन्ही नसलं तर पोरगं आईबापाबरोबर फडावर जातं, कोपीत राहतं, आणि त्या वर्षीची शाळा बहुधा तिथेच संपते. त्यामुळे अशा यादीतली एक ओळ बिघडणं ही नुसती टायपिंगची गंमत नसते.

ही यादी तीन ठिकाणी उघडली आणि तीन तऱ्हांनी बिघडलेली दिसली. एका मशीनवर नावांच्या जागी रिकामे चौकोन. दुसऱ्या मशीनवर अगम्य गिचमिड: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्याच्यापुढे चार टोकं फुटलेलं एक वर्तुळ, मधूनच जपानच्या येनचं चिन्ह. आणि हाताहातांतून फिरून आलेल्या तिसऱ्या प्रतीत नुसती प्रश्नचिन्हं.

वरवर तिन्हींचा अर्थ एकच: मराठी दिसत नाहीये. बघणाऱ्यांचा सल्लाही एकच: ‘इंग्लिशमध्ये टाका ना मॅडम, झंझट नको.’ पण हे तीन वेगळे आजार आहेत, आणि त्यांतला फरक फक्त तांत्रिक नाही.

चौकोन म्हणजे अक्षर शाबूत आहे, ते काढून दाखवणारा फॉन्ट मशीनकडे नाही. त्या चौकोनाला जगभर गमतीने ‘टोफू’ म्हणतात. ‘टोफू नको’ याच अर्थाने गूगलने आपल्या फॉन्टकुळाचं नाव ‘नोटो’ ठेवलं. असा एखादा फॉन्ट टाकला की नावं पुन्हा दिसतात. इथे उणीव बघणाऱ्याची आहे.

गिचमिड म्हणजेही अक्षर शाबूत आहे, पण वाचणाऱ्याने चुकीची किल्ली लावलीय. यूटीएफ-८ या पद्धतीत ‘श’ साठवला जातो तो २२४, १६४, १८२ अशा तीन आकड्यांत. हे तीन मिळून एक अक्षर आहे हे ज्या प्रोग्रॅमला माहीत नाही, तो प्रत्येक आकडा सुटा वाचतो आणि युरोपी लिप्यांच्या जुन्या तक्त्यात शोधतो. त्या तक्त्यात २२४ म्हणजे तिरकी रेघवाला ‘ए’. देवनागरीच्या या मुख्य संचातल्या प्रत्येक चिन्हाची सुरुवात २२४नेच होते, म्हणून तो ‘ए’ पानभर भेटत राहतो. टर्मिनलला आणि प्रोग्रॅमला ‘हे यूटीएफ-८ आहे’ असं सांगितलं, म्हणजे लोकेलची सेटिंग बदलली, की नावं परत येतात. इथे उणीव आहे ती गृहीत धरण्यात.

प्रश्नचिन्हाची गोष्ट निराळी. कधीकधी तेही फक्त पडद्यापुरतं असतं. पण माझ्या तिसऱ्या प्रतीत तसं नव्हतं. वाटेत कुठेतरी कुणीतरी ती स्प्रेडशीटमध्ये उघडली होती आणि देवनागरी ज्यात मावतच नाही अशा जुन्या पद्धतीत सेव्ह केली होती. प्रोग्रॅमने काय केलं? जे चिन्ह मावलं नाही त्याच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. पडद्यावर नाही, फाइलमध्ये. मग आरतीचं झालं ????. कोमलचंही ????. किरणचंही ????. नावातली चिन्हं किती होती, एवढीच आठवण उरली. तीन मुलं आता एकच होती.

हा फरक डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी फाइल अक्षरांत न बघता आकड्यांत उघडावी लागते. टर्मिनलवर ‘ओडी’ नावाची एक जुनी कमांड असते, ती हे दाखवते. २२४, १६४, १८२ अशी रांग दिसली तर ‘श’ जिवंत आहे, मग पडद्यावर काहीही दिसो. ६३, ६३, ६३ दिसलं तर खेळ संपला, कारण ६३ हा प्रश्नचिन्हाचाच आकडा आहे. त्याच्या मागे दुसरं काही दडलेलं नाही.

न कळणं आणि पुसणं

या तीन आजारांकडे मी आता वागणुकीचे तीन प्रकार म्हणून बघते.

चौकोन म्हणतो, ‘इथे काहीतरी आहे, मला ते दाखवता येत नाही.’ हे प्रामाणिक अज्ञान आहे. गिचमिड म्हणते, ‘मला सगळं कळतं,’ आणि भलतंच वाचते. हा उद्धटपणा आहे, पण त्याच्यावर इलाज आहे, कारण मूळ गोष्टीला तिने हात लावलेला नसतो. प्रश्नचिन्ह मात्र जे कळलं नाही ते काढून टाकतं आणि वर असा आव आणतं की प्रश्न त्या नावातच होता.

नीतीच्या गोष्टी करताना आपण बहुतेक वेळा हेतूवर येऊन थांबतो. वाईट हेतू नव्हता ना, मग सोडून द्या. या यादीत कुणाचाच हेतू वाईट नव्हता. सेव्हचं बटण दाबणाऱ्याला काम लवकर संपवायचं होतं, आणि प्रोग्रॅमला तर हेतूच नसतो. तरी आरती, कोमल आणि किरण एक झाले. म्हणून हेतूच्या शेजारी मला दुसरा एक प्रश्न ठेवावासा वाटतो: इथून परत येता येतं का? चौकोनापासून परत येता येतं. गिचमिडीपासूनही येता येतं. प्रश्नचिन्हापासून येता येत नाही. ज्याची भरपाई होऊ शकते ते अज्ञान आणि जिची होऊ शकत नाही ती सफाई, या दोन गोष्टी एका तराजूत घालणं चूक आहे, मग हात कुणाचेही असोत.

याच्या उलट वागण्याचं एक सुंदर उदाहरण यूटीएफ-८मध्येच आहे. सप्टेंबर १९९२मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका साध्या खाणावळीत, ताटाखाली घालतात त्या कागदावर, ही पद्धत आखली. त्यांच्यासमोर अडचण अशी होती की, जगातले बहुतेक प्रोग्रॅम फक्त इंग्रजी ओळखत होते आणि ते सगळे नव्याने लिहिणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी आखणी अशी केली की, जुन्या इंग्रजी अक्षरांचे आकडे इतर कुठल्याही लिपीच्या अक्षराच्या पोटात कधीच येणार नाहीत. त्यामुळे ज्या प्रोग्रॅमने मराठीचं नाव ऐकलेलं नाही तोसुद्धा ‘शिरूर कासार’चे ३१ बाइट इकडून घेऊन तिकडे जसेच्या तसे देऊ शकतो. त्याला समजण्याची गरज नाही, फक्त काटछाट न करण्याची आहे.

आमच्याकडे एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा देतात. पोरगं पुण्याला किंवा संभाजीनगरला शिकत असतं, आई पहाटे भाकरी-ठेचा बांधून स्टँडवर येते. डब्यात काय आहे ते ड्रायव्हरला माहीत नसतं, आणि त्याने विचारायचंही नसतं. पण ‘मला कळत नाही’ म्हणून त्याने वाटेत डबा उघडून अर्धा रिकामा केला, तर आपण त्याला काय म्हणू? दुसऱ्याचं नाव हाताळणारा प्रत्येक जण त्या क्षणापुरता असा ड्रायव्हर असतो. समजून घेणं ही मोठी गोष्ट आहे, ती सगळ्यांना जमेलच असं नाही. डबा शाबूत पोचवणं मात्र जमायला हवं.

खण कुणाच्या मापाचा?

टर्मिनलबद्दल एक गोष्ट राहिली. फॉन्ट आहे, सेटिंग बरोबर आहे, तरी कित्येक टर्मिनलवर मराठी वेडीवाकडीच दिसते. ‘शि’ची वेलांटी डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे सुटी पडते, तिच्यासोबत ठिपक्यांचं एक वर्तुळ येतं, जोडाक्षरं तुटतात.

याचं कारण जुनं आहे. टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या खणांची जाळी. एका ओळीत ८० खण. हा ८०चा आकडा १९२८मध्ये आयबीएमने काढलेल्या छिद्रांच्या कार्डावरून आला आणि १९७८च्या व्हीटी१०० या गाजलेल्या टर्मिनलने तो पक्का केला. एक अक्षर, एक खण. इंग्रजीत अक्षरं एकमेकांच्या शेजारी शहाण्यासारखी उभी राहतात, त्यामुळे हे बिनबोभाट चालतं. आपल्या लिपीत अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसतात, पोटात शिरतात, आणि नंतर लिहिलेली वेलांटी आधी उभी राहते.

सगळ्यांना सारखा खण म्हणजे समानता, असं वाटू शकतं. पण त्या खणाचं माप घेतलं होतं एकाच लिपीच्या अंगावर. एकाच्या मापाचा सदरा शिवायचा, तो सगळ्यांना वाटायचा आणि ज्याला बसत नाही त्याला बेढब म्हणायचं, यातला प्रकार आहे हा. बरं, करता येत नव्हतं असंही नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट तंत्र युनिकोड रुळण्याच्या कितीतरी आधी डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या दाखवत होतं. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक वेगळं कार्ड बसवावं लागे. म्हणजे प्रश्न अशक्यतेचा नव्हता. आपल्या मापाबाहेरच्यांसाठी एक जास्तीचं कार्ड बसवायची तयारी आहे का, हा होता.

आता त्या शून्य रुंदीच्या ऊकाराकडे परत बघा. मोजणीत तो शून्य आहे. पण काढून टाकला तर ‘शिरूर’चं ‘शिरर’ होतं. मापात शून्य असणं आणि नसणं वेगळं, हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही. सांगण्याची गरज मात्र आहे, कारण अशी मोजणी फक्त कॉम्प्युटरमध्ये होत नाही. ऊसतोडीत माणसं मोजतात ती ‘कोयत्या’त. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादमाकडची उचल बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर असते. बाई पहाटे उठून भाकरी थापते, मग दिवसभर नवऱ्याच्या बरोबरीने तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. हिशेबाच्या वहीत तिची रुंदी शून्य. ती नसेल तर मात्र तो कोयता उरतच नाही.

‘इंग्लिशमध्ये टाका ना’

या सल्ल्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण तो देणारे लोक मूर्ख नाहीत. त्यांचं म्हणणं असं: नाव कुठेही दिसलं पाहिजे, शोधता आलं पाहिजे. इंग्रजी स्पेलिंग कुठल्याही मशीनवर दिसतं. मग हट्ट कशाला?

अडचण तीच, परतीची. काळे हे आडनाव इंग्रजीत के-ए-एल-ई असं होतं. आता ते वाचून परत या. काळे, काले, कळे की कले? ‘ळ’ जाताना निमूट जातो, येताना येत नाही. दोन याद्यांतली नावं जुळवताना मला हे रोज दिसतं.

यावर माझ्या एका मैत्रिणीने चांगला मुद्दा काढला होता. ती म्हणाली, मराठी लिपीतही सगळं कुठे उतरतं? ‘चार’ आकड्यातला च आणि ‘चारा छावणी’तला च बोलताना वेगळे, लिहिताना एकच. मग गळती सगळीकडेच आहे, इंग्रजीवर राग का?

मुद्दा खरा आहे. कुठलीच लिपी बोलणं पूर्ण पकडत नाही. पण ‘चारा’ वाचताना हरवलेला उच्चार कोण भरून काढतं? मराठी वाचणारा कुणीही, न विचारता. तो उच्चार लोकांच्या तोंडात सुरक्षित आहे. के-ए-एल-ईमधला ‘ळ’ मात्र त्या एका घराला माहीत असतो, आणि ते घर नेमकं हंगामात गावात नसतं. ज्याचा परतीचा रस्ता समाजाकडे आहे ती गळती आपण पचवू शकतो. ज्याचा रस्ता एकाच माणसाच्या आठवणीवर अवलंबून आहे ती गळती त्या माणसावरचा बोजा होतो. पुरावा आणा, प्रतिज्ञापत्र आणा, खेटे घाला. सोय आपली, दंड त्याला.

कागद होता, वाचणारा नव्हता

हे फक्त कॉम्प्युटरच्या काळातलं नाही. बीड जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातली आणि त्याआधीची कितीतरी कागदपत्रं मोडी आणि उर्दूत आहेत. २०२३च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा दप्तरखान्यांतले हे जुने कागद पुन्हा बाहेर आले आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या वादात तुमचं मत काहीही असो, मला त्यातली दोन वाक्यं महत्त्वाची वाटतात. ‘नोंद नाही’ हे एक वाक्य. ‘नोंद मला वाचता येत नाही’ हे दुसरं. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही वेळा हात हलवतच परत जावं लागतं, म्हणून त्याला ती सारखीच ऐकू येतात. खिडकीच्या आतल्याने मात्र ती कधीही एक करू नयेत.

मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. तोवर ते कागद चौकोनासारखे पडून होते, आणि अजूनही बरेच तसेच आहेत. पण चौकोनासारखेच, म्हणजे शाबूत. कुणी ‘कळत नाही, जागा अडते’ म्हणून ते रद्दीत घातले असते तर आज वाचणारे मिळूनही उपयोग नव्हता.

उलटही सांगायला हवं. दिसतं ते सगळं खरं असतं असंही नाही. ‘व्हॉट्सॲप’मधला ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप करता येतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि दुसरा जुन्या पद्धतीने, ‘अ’वर चंद्र चढवून. डोळ्याला दोन्ही एकच. कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द, एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. डोळा दोन्हीकडून फसतो. म्हणून ‘मी स्वतः बघितलं’ हा पुरावा आपण समजतो त्यापेक्षा बराच कच्चा असतो.

आधी हात मागे

त्या यादीचं पुढे काय झालं? चौकोन फॉन्ट टाकून गेले. गिचमिड एका सेटिंगने गेली. प्रश्नचिन्हांचं काहीच करता आलं नाही, कारण तिथे दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या ओळी वाचल्या त्या एका शाळेतल्या सरांमुळे. त्यांनी नावं आधी वहीत हाताने लिहिली होती आणि वही फेकली नव्हती. तंत्रज्ञान हरलं वगैरे निष्कर्ष यातून काढू नका. वही तरली कारण मधल्या कुणीही तिच्यावर ‘सेव्ह’ केलं नव्हतं.

तुमच्या हातात मोबाइल आहे, उद्या कदाचित एखाद्या खिडकीच्या आतली खुर्ची असेल. समोर कधीतरी न कळणारं काही येईल: चौकोनांनी भरलेली फाइल, न वाचता येणारा कागद, तुमच्या फॉर्मच्या रकान्यात न बसणारं माणूस. मी टर्मिनलवर शिकलेला क्रम सांगते. पहिलं, सेव्ह करू नका. न कळलेल्या गोष्टीवरची पहिली कृती म्हणजे हात मागे घेणं. दुसरं, बाइट बघा, म्हणजे आपल्याला कसं दिसतंय ते सोडून तिथे काय आहे ते तपासा. तिसरं, उणीव आधी आपल्या फॉन्टमध्ये, आपल्या सेटिंगमध्ये, आपल्या खणाच्या मापात शोधा. तिथे ती सापडली नाही, मगच ‘नाही’ म्हणा.

आणि एवढं करूनही नाहीच कळलं, तर चौकोन दाखवा. ‘इथे काहीतरी आहे, मला ते वाचता येत नाही’ असं म्हणण्यात कमीपणा नाही. पुढे कुणीतरी वाचणारा येईल. त्याच्यासाठी जागा राखून ठेवणं, एवढं तर आपल्या हातात आहे.